आतल्या बाजूचे टाके

"शिवण कच्ची आहे," असं नलिनी म्हणाली आणि तिनं पिशवी पुंडलिकरावांच्या हातात परत दिली. सौंसरचा बाजार भरात आला होता, माघातलं ऊन संत्र्यांच्या ढिगांवर पडलं होतं, आणि ती तीन शब्द बोलून गप्प झाली होती. पिशवी तिनंच शिवलेली होती. गादीपाटाची, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, नवारीचे बंद लावलेली. एवढ्या माणसांत हे दोघींनाच माहीत होतं. एक ती स्वतः, आणि दुसरी समोर गोणपाटावर बसलेली पंचफुला, जिला पुंडलिकराव इतका वेळ बोलत होते.

पुंडलिकराव संत्र्यांचे व्यापारी, तिच्या नवऱ्याचे शाळेपासूनचे सोबती. मागच्या बाजारी त्यांनी पंचफुलाकडून चार पिशव्या घेतल्या होत्या, त्या संत्र्यांनी भरून पांढुर्ण्याला लेकीच्या सासरी नेल्या होत्या. मोटारीतून उतरताना, व्याही पुढं आलेले असताना, एकीचं बूड उसवलं. संत्री मोटारीखाली गेली, आणि व्याह्यांच्या घरची माणसं धोतर सावरत वाकून ती गोळा करत राहिली. हे सगळं त्यांनी आज बाजारात उभं राहून सांगितलं. मग पिशवी उलटी केली, आतल्या शिवणीतून नखानं एक दोरा उचलला आणि ओढला. शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत उकलत गेली. दोरा तुटलासुद्धा नाही, सरळ निघून आला. "पाहा," ते जमलेल्या लोकांना म्हणाले, "वरून कशी मशीनची सफाई दिसते. अन् आत हे. लोकाइले फसवून राहिली ही." पंचफुला म्हणाली, "माह्याच हातची हाय जी. हात नाही बसला अजून." तेवढ्यात त्यांना दोन पावलांवर वांगी निवडत असलेली नलिनी दिसली. "वहिनी, बरं झालं तुम्ही आल्या. तुम्ही नागपूरले शिवणाच्या वर्गात शिकल्या, दत्तू सांगत होता. तुम्हीच पाहून सांगा, ही काय शिवण आहे का?"

तिनं पिशवी हातात घेतली. नको म्हणता आलं असतं, घाईत आहे म्हणता आलं असतं. पण तिनं ती घेतली, जाणकारासारखी उजेडाकडे धरली, शिवणीवरून अंगठा फिरवला. कोपऱ्यावर तिची ती सवयीची उलट वळणाची तीन टाक्यांची गाठ होती. तिच्या अंगठ्याला ती न पाहता कळली. त्याच वेळी पंचफुलानं एकदा वर पाहिलं. त्या पाहण्यात तक्रार नव्हती, आर्जवही नव्हतं. ऊन कुठवर आलं ते पाहावं तसं तिनं पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. मग नलिनीच्या तोंडून ते तीन शब्द गेले, आणि पुंडलिकराव म्हणाले, "ऐका, बाई स्वतः म्हणून राहिल्या." नलिनीनं वांगी घेतली. वांगीवालीनं तराजूतून काढून तिच्या पदरात टाकलेली वांगी ती घरी येईपर्यंत पोटाशी धरून होती. आपण पिशवी बरोबर नेली नव्हती हे तिच्या घरी आल्यावर लक्षात आलं.

सासरे ओसरीवर बसले होते. रामाजी गुरुजी म्हणून गावात त्यांना अजून ओळखत, शाळा सोडून दहा वर्षं झाली होती तरी. "लवकर आलीस," ते म्हणाले. ती आत गेली, वांगी सुपात ओतली, आणि मशीनचं लाकडी झाकण काढून समोर बसली. हाताचं मशीन होतं, वडिलांनी नागपूरला लग्नात दिलेलं. काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी तिच्या मनगटाच्या घासानं एका जागी पुसून गेली होती. तिनं चाक फिरवलं नाही. नुसतं पाहत राहिली. बाहेरून सासऱ्यांनी विचारलं, "आज मशीन चालून नाही राहिलं?" आणि तिला उगीचच वाटलं, की त्यांना सगळं कळलं आहे. तिला हे पुढचे कितीतरी दिवस वाटत राहणार होतं, दूधवाल्याबद्दल, टपालवाल्याबद्दल, शेजारच्या भिंतीबद्दलसुद्धा.

लाज ही एकदम येते असं तिला आजवर वाटत आलं होतं, पण आता मशीनसमोर बसल्यावर तिला दिसत होतं, की ती आधीपासूनच घरात होती, फक्त तिचं नाव वेगळं होतं. मागच्या वर्षी नागपूरला नवऱ्याच्या कचेरीत याद्या लागल्या. प्रांत मोडणार, विदर्भ मुंबईत जाणार, सौंसरसकट छिंदवाडा मध्यप्रदेशातच राहणार, माणसंही तशीच वाटली जाणार. रोज संध्याकाळी ते यायचे आणि ती विचारायची, "लागलं का नाव?" एके दिवशी ते म्हणाले, "भोपाळ." टोपी खुंटीला अडकवून तिच्याकडे पाठ करूनच म्हणाले. आठ वर्षांचं बिऱ्हाड दोन दिवसांत बांधलं गेलं. भोपाळला राहायला जागा नव्हती, पाच-सहा कारकून मिळून एका खोलीत राहत होते, म्हणून ती सौंसरला सासऱ्यांकडे आली. शेजारच्या बायांना तिनं सांगितलं, "यांची बढतीवर बदली झाली." कुणी विचारलं नव्हतं. बढती नव्हती. हे खोटं तिनं इतक्या सहज सांगितलं, की रात्री स्वयंपाक करताना तिला स्वतःलाच ते खरं वाटून बरं वाटलं होतं. मग दोन ठिकाणच्या चुली एका पगारावर चालेनात, तेव्हा तिनं ट्रंकेतला उरलेला गादीपाट काढला. बोरगावहून भाजी घेऊन येणाऱ्या पंचफुलानं पहिली पिशवी खिळ्याला टांगलेली पाहिली आणि म्हणाली, "बाई, अशा शिवून द्या, मी बाजारात इकून देतो. संत्र्यावाले हातोहात नेतीन." नलिनी म्हणाली, "पण माझं नाव घ्यायचं नाही. कुणी विचारलं तर तू शिवतेस म्हणून सांग." पंचफुला म्हणाली, "मले तं मशीनीत दोराबी ओवता येत नाही जी." "कोण पाहायला येतं?" नलिनी म्हणाली होती. पंचफुला तिच्याहून दहा वर्षांनी मोठी. तिला तू म्हणायचं, हेही तिनं कधी ठरवलं नव्हतं. ते आधीचंच ठरलेलं होतं.

नवऱ्यानं मनाई केली असती तर आता त्यांच्यावर ढकलता आलं असतं. पण त्यांनी पत्रात लिहिलं होतं, "तुला जमेल ते कर, त्यात काय एवढं." नाव लपवण्याची कल्पना तिची एकटीची होती.

दुसऱ्या दिवशी तिनं मशीन उघडलं. काहीतरी करायचं म्हणून उघडलं, कारण काही न करता बसलं की अंगठ्याला ती गाठ लागायची. खरं तर काय बिघडलं आहे हे तिला पंधरा दिवसांपासून अर्धं माहीत होतं. वीतभर शिवलं की वरचा दोरा तुटायचा. तिनं सुई बदलली, दोरा बदलला, बॉबिन काढून पुन्हा भरली, दात्यांखाली साचलेला सुताचा कचरा पिसानं झाडला, तेल सोडलं. तरी दोरा तुटायचा. मग एका दुपारी कंटाळून तिनं वरच्या दोऱ्याचा ताण धरणारा स्क्रू सैल केला. दोरा तुटणं थांबलं. मशीन असं सरसर चाललं, की तिला वर्गातल्या दिवसांसारखं हलकं वाटलं. पण कापड उलटून पाहिलं तेव्हा खाली टाके नव्हते, नुसते सैल फासे होते, आणि खालचा दोरा त्यांच्यातून सुतळीसारखा सरळ पडलेला होता. असा दोरा ओढला की निघून येतो, हे वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतात. तिनं ते पाहिलं होतं. पाहून पिशवी सुलटी केली होती. वरचा टाका सुरेख दिसत होता. पिशवीच्या आत कोण बघतं, असं तिच्या मनात आलं होतं, याच शब्दांत आलं होतं, आणि त्या दिवशी तिनं तशाच चार पिशव्या पुऱ्या केल्या. पंचफुला त्या घ्यायला आली तेव्हा तिनं पिशवी हातावर ताणून म्हटलं होतं, "बाई, लय साजऱ्या झाल्या या." नलिनी हसली होती.

आता तिनं स्क्रू पुन्हा आवळला आणि चिंधीवर शिवून पाहिलं. चार बोटं गेल्यावर दोरा तुटला. तुटलेलं टोक तिनं उजेडात धरलं. ते ताणून तुटल्यासारखं नव्हतं, खरवडून झिजल्यासारखं पिंजलेलं होतं. म्हणजे दोष ताणाचा नव्हता, दोरा कुठंतरी घासत होता. सुईपासून मागं मागं ती प्रत्येक जागा बोटानं चाचपत गेली, दोरा जिथून जिथून जातो तिथून तो हातानं ओढून पाहत गेली. कडीत नाही, ताणाच्या चकत्यांत नाही, सुईच्या नाकात नाही. शेवटी तिनं सुईखालच्या पट्टीचे दोन स्क्रू काढले, पट्टी हातात घेतली आणि तिच्या भोकातून दोरा मागंपुढं ओढला. एका बाजूला तो अडला. भोकाच्या काठावर एक चरा होता, डोळ्याला दिसेल न दिसेल असा, पण नख लावलं की काट्यासारखा टोचणारा. तिला लगेच आठवलं. नवारीचे बंद लावताना कापडाचे चार पदर आणि नवार मिळून जाड झालं होतं, ते पुढं सरकेना म्हणून तिनं मागून जोरानं ओढलं होतं, आणि सुई तिरपी होऊन टक् करून पट्टीवर आदळून मोडली होती. आवाज तिनं ऐकला होता. सुई बदलून ती पुढं शिवत बसली होती. पंचफुला बाजारात ज्याच्यासाठी खाली मान घालून बसली, ते हे होतं. ज्वारीच्या कणीएवढंही नाही.

बाजारपेठेत भैय्याजींच्या दुकानी ती स्वतः गेली. आजवर मशीनचं तेलसुद्धा ती दुसऱ्याकरवी मागवी, उगाच कुणी विचारू नये म्हणून. "बारीकातला बारीक रेगमाल द्या," ती म्हणाली. भैय्याजींनी कागद कापता कापता विचारलं, "लाकूडकाम काढलं का गुरुजींनी?" "नाही. माझं मशीन बिघडलं आहे." घरी येऊन तिनं तो खरखरीत कागद सुतळीएवढा वळला, भोकात घातला आणि संध्याकाळपर्यंत घासत बसली. थोडं घासायचं, दोरा ओढून पाहायचा. पुन्हा घासायचं. दोरा लोण्यातून गेल्यासारखा जायला लागला तेव्हा तिनं पट्टी बसवली, ताण आवळला, आणि गादीपाटाचे चार पदर नवारीसकट शिवले. उलटून पाहिलं. दोन्ही बाजू सारख्या. नखानं दोरा उचलायला गेली तर उचलला जाईना. तिला वाटलं होतं, की दोष सापडला म्हणजे छातीवरचं काहीतरी उतरेल. तसं काही झालं नाही. दोष सापडून दूर व्हायला एकच दिवस लागला होता. तो पंधरा दिवसांपूर्वीही एका दिवसातच सापडला असता.

तिसऱ्या दिवशी चार नव्या पिशव्या घेऊन ती बोरगावला गेली. पंचफुला आठवड्यातून तीनदा तिच्या दारी यायची, पण तिचं घर कुठं हे नलिनीला विचारत जावं लागलं. पंचफुला घरी नव्हती, कापसाची शेवटची वेचणी चालू होती. शेताच्या बांधावर नलिनी उभी राहिली. ओटीत कापूस भरून पंचफुला कपाशीच्या तासातून, दोन ओळींमधून, वेचत वेचत तिच्यापर्यंत आली आणि बांधाशी थांबली.

"मशीन दुरुस्त झालं," नलिनी म्हणाली. हे पहिलं वाक्य म्हणून तिनं ठरवलं नव्हतं.

"बरं झालं जी."

"पट्टीला चरा गेला होता. माझ्याच हातानं. मला माहीत होतं, की टाके सैल पडून राहिले आहेत. तरी तुला दिल्या." पंचफुला बोंडातल्या काड्या निवडत राहिली. "तू त्या दिवशी माझं नाव सांगायचं होतंस."

"तुम्हीच म्हणल्या होत्या, नाव घेऊ नको म्हून."

"हो."

"मंग मी कशी घेईन?" ओटी सावरत ती म्हणाली, "पुंडलिकराव बोलले त्याचं काई नाही. बाजारात बसलं म्हणजे आयकाच लागते. पर बाई, तुम्ही थे पिशवी हातात घ्याले नोको होती."

नलिनीनं नव्या पिशव्या पुढं केल्या. पंचफुलानं हात पुसून एक घेतली, उलटी केली, आतली शिवण पाहिली. याआधी तिनं कधी पिशवी उलटी करून पाहिली नव्हती. "चांगली हाय," ती म्हणाली आणि परत दिली. "पर आता मी नाही इकत. माह्याजोळची मेथीबी लोकं उलटूनपालटून पाहून राहिले." आणि ती दुसऱ्या तासाला लागली.

त्याच संध्याकाळी नलिनी पुंडलिकरावांच्या घरी गेली. त्यांनी खुर्ची दिली, दत्तूचं पत्र आलं का विचारलं, बायकोला चहा टाकायला सांगितलं. नलिनीनं सगळं सांगितलं, न थांबता, जमिनीकडे बघत. ऐकून पुंडलिकरावांचा चेहरा मऊ झाला. "वहिनी," ते म्हणाले, "गुरुजींच्या घरात हेच संस्कार. गरीब बाईसाठी स्वतःवर घेऊन राहिल्या तुम्ही. मीही जरा जास्तच बोललो त्या दिवशी. पण अशा लोकांना पाठीशी घालू नका." ती म्हणाली, "मी खरं सांगून राहिली आहे." त्यांनी हसून मान हलवली. त्यांची बायको चहा घेऊन आली तेव्हा ते तिला म्हणाले, "पाहा, मन असं असावं लागते." नलिनी चहा प्यायली. शेवटच्या घोटापर्यंत प्यायली, कारण कप तसाच ठेवणं वाईट दिसलं असतं. रस्त्यावर आल्यावर तिला समजलं, की कबुली देऊन आपण पहिल्यापेक्षा मोठ्या झालो आहोत आणि पंचफुला होती तिथंच आहे. उद्या ही गोष्ट गावात फिरेल. गुरुजींची सून कशी दयाळू आहे म्हणून फिरेल.

बाजाराच्या दिवशी सकाळी तिनं मशीनवर झाकण बसवलं आणि उचलून पाहिलं. जड होतं. झाकण काढून ठेवलं आणि मशीन छातीशी धरून ओसरीवर आली. रामाजींनी चष्मा वर केला. "दुरुस्तीला?"

"नाही. बाजारात बसून शिवणार आहे. त्या पिशव्या मी शिवत होते. पंचफुला नाही."

म्हाताऱ्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. ही मुलगी आठ वर्षांपूर्वी आपल्या घरात आली, आपला मुलगा तिला इथं ठेवून भोपाळला गेला, आपण तिला कधी काही विचारलं नाही, असं काही त्यांच्या मनात आलं असेल की नुसताच गुडघा दुखत असेल, हे तिला कळलं नाही. ते उठले, आत गेले आणि झाकण घेऊन आले. "उन्हात तेल सुकते," ते म्हणाले. "झाकायला लागंल." सगळ्या रस्त्यानं ते तिच्या मागं चार पावलांवर झाकण घेऊन चालत होते. लोक नमस्कार करत होते आणि त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते.

पंचफुला आपल्या जागी मेथीच्या जुड्या मांडून बसली होती. नलिनीनं तिच्यापासून हातभर अंतर सोडून सतरंजी टाकली. रामाजी झाकण शेजारी ठेवून आले तसे परत गेले. पंचफुलानं पाहिलं आणि पाण्याचा हबका जुड्यांवर मारला. नलिनी शिवू लागली. हातमशीनचा आवाज बाजारात वेगळा ऐकू येतो, माणसं थांबायला लागली. गुरुजींची सून, दत्तूची बायको, असं कुणीतरी कुणाला सांगितलं. तिचे कान तापले होते, मान वर होत नव्हती, चाक फिरवणारा हात मात्र चालू होता. पुंडलिकराव आले ते गर्दी बघून आले. "वहिनी, हे काय मांडलं?"

"त्या दिवशी तुम्ही दोरा ओढला होता ना," ती म्हणाली. तिनं ताणाचा स्क्रू सैल केला, एक चिंधी शिवली, कोपऱ्यावर आपली तीन टाक्यांची गाठ घातली आणि ती त्यांच्या हातात दिली. "ओढा." त्यांनी ओढला. शिवण उकलली. ते ती गाठ पाहत राहिले, मग खिशात हात घालून उगाच चाचपलं, जणू ती जुनी पिशवी तिथं सापडणार होती. त्या पिशवीच्या कोपऱ्यावरची गाठ त्यांनी ओळखली होती. "मग वहिनी," ते हळू म्हणाले, आता त्यांच्या आवाजात मऊपणा नव्हता, "त्या दिवशी मी तुमच्या हातात दिली, तेव्हा तुम्ही असं कसं म्हणाल्या?"

याचं उत्तर तिनं घरून आणलं नव्हतं. सगळं आणलं होतं, मशीन, झाकण, चिंध्या. "लाज वाटली," ती म्हणाली. "माझी आहे म्हणायची."

पुंडलिकरावांनी चिंधी सतरंजीवर ठेवली. ते पंचफुलाकडे वळले. त्यांनी मेथीची एक जुडी उचलली, न उलटता, पैसे ठेवले आणि निघून गेले. लोक पांगले. काहीजण जाता जाता नलिनीकडे वळून बघत होते, आणि ते बघणं पूर्वीचं नव्हतं. ते परत कधी पूर्वीसारखं होणार नव्हतं, हे तिला दिसत होतं. तिनं स्क्रू आवळला. पंचफुलानं उरलेल्या जुड्या पुढं सरकवल्या.

ऊन डोक्यावर आल्यावर लोधीखेड्याकडची वाटावी अशी एक बाई आली. सतरंजीवरच्या पिशव्यांपैकी एक तिनं उचलली, ताणून पाहिली आणि सवयीनं पंचफुलाला विचारलं, "कशी दिली वं?"

पंचफुला जुड्यांवरचं ओलं फडकं सारखं करत होती. "माह्या नाहीत त्या," ती म्हणाली. "या बाईच्या हायेत. यायलेच पुसा."

बाई नलिनीकडे वळली. "कशी दिली?" नलिनीनं चाक थांबवलं. आठवडेच्या आठवडे या पिशव्यांचा भाव तिनं ठरवला होता, पण तो आपल्या तोंडानं कुणाला सांगितला नव्हता. बाई वाट पाहत उभी राहिली, पिशवी तिच्या हातात लोंबत होती. "सांगा नं," ती म्हणाली, "का इकाची नाही?"

"विकायची आहे," नलिनी म्हणाली, आणि तिनं भाव सांगितला.